निळा रंग कुठे गेला

मित्रांनो, जरा लांब बसा. अजून थोडे लांब. माझ्या तोंडासमोर तर कुणीच नको. हं, आता ठीक आहे.

मी एक जुना, रंग उडवणारा पंप आहे. विजेवर चालतो, दोन लोखंडी पायांवर उभा राहतो, एका हाताने उचलता येतो. दुकानदार मला एअरलेस म्हणतात, कारण मी हवा न वापरता रंग उडवतो. तमिळनाडूतल्या करूरची माणसे मला हत्ती म्हणतात. माझी एक सोंड रंगाच्या बादलीत असते आणि दुसरी, चांगली पन्नास फूट लांब, माणसाच्या हातात.

हत्तीने भित्रे असू नये. मी आहे. मला पावसाची भीती वाटत नाही, उंदरांची वाटत नाही, भंगारवाल्याचीही वाटत नाही. मला माझ्याच पोटातल्या जोराची भीती वाटते.

जन्म

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझ्या पोटात दट्ट्या बसवला, वर मोटर ठेवली आणि चार स्क्रू आवळले. तिचे हात फार स्वच्छ होते. त्या हातांची दहाही बोटे

नाही. हे मला नीट सांगायचे होते. पण बोटांचा विषय निघाला की माझे पुढचे-मागचे सगळे एक होते. जन्म इथेच सोडतो.

पोटातला जोर

हे मात्र सांगितलेच पाहिजे. मोटर सुरू झाली की माझा दट्ट्या बादलीतला रंग ओढतो आणि पुढे रेटतो. रेटलेला रंग लांब पाइपातून गनपर्यंत जातो आणि तिथे अडतो. गनचा घोडा दाबला की त्याला वाट मिळते. वाट केवढी, तर मोहरीच्या दाण्याहून बारीक भोक. आणि मागून जोर केवढा, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेवर तीन हजार पौंड.

हातभर अंतरावर ती धार पंख्यासारखी उघडते आणि भिंतीवर मऊ बसते. लोक तेवढेच पाहतात. भोकाच्या तोंडाशी मात्र ती धार नसते. ती सुई असते. ती कातडीला विचारत नाही. आत शिरते, मागे एक टिंब ठेवते आणि बोटाच्या आत वाट फुटेल तिकडे पळत सुटते.

म्हणून माझ्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पिवळे कान बसवले होते. कुणाचे बोट भोकापर्यंत पोहोचू नये, एवढेच त्यांचे काम. आणि माझ्या कुशीवर एक चित्र चिकटवले होते. एक हात. त्या हाताच्या बोटात घुसणारी एक सरळ रेघ. खाली परक्या लिपीत चार ओळी.

कामाची वर्षे

मला कदिरवेलने कोइम्बतूरच्या एका दुकानातून आणले. कदिरवेल रंगकामाचा मेस्त्री. वय अडतीस, जीभ फटकळ, स्वभाव उतावळा. त्याच्याकडे कामाला दोनच माणसे. एक त्याची थोरली बहीण पूवात्ताळ. रंग गाळणे, फरशीवर कापड अंथरणे, सांडलेले पुसणे आणि संध्याकाळी मला धुणे ही तिची कामे. दुसरा तिचा नवरा नाचिमुत्तू.

करूरमध्ये बसगाड्यांची अंगे, म्हणजे बॉड्या, बांधतात. त्या गाड्यांच्या कपाळावर गावांची नावे लिहिण्यात नाचिमुत्तूची सव्वीस वर्षे गेली. पुढे छापलेली चिकटअक्षरे आली आणि ते काम आटले, तेव्हा तो मेहुण्याबरोबर भिंतींवर आला. तरी दुकानाची पाटी असो नाहीतर जुन्या वळणाचा एखादा बसमालक, बोलावणे त्यालाच यायचे. तो पट्टी लावत नसे. उजव्या हाताची तर्जनी कुंचल्याच्या पाठीवर टेकवायची, श्वास धरायचा आणि हात सोडायचा. अक्षर मागे उभे राहिलेले असायचे. त्या एका बोटावर त्या घरातला तांदूळ शिजत होता, आणि तो ते बोलून दाखवत नसे.

"दाजी, तुमचं एक अक्षर होईस्तोवर माझा हत्ती दोन खोल्या खातो," कदिरवेल म्हणायचा.

"खाऊ दे की. खाऊन झाल्यावर सही करायला सांग त्याला."

"सही कशाला लागते? काम बघून लोक ओळखतात."

"तेही खरंच. सोंड मोठी, अक्कल नाही. मालकावरच गेलाय."

पूवात्ताळ गाळणीवरची नजर न काढता म्हणायची, "बडबडा दोघं. तिकडे रंगावर साय धरली तर मला बोलू नका."

मला त्या तिघांचा लळा लागला. पोंगलच्या आधीच्या महिन्यात आम्ही गल्लीच्या गल्ल्या रंगवल्या. एक मंगल कार्यालय चार दिवसांत उजळले. सूतगिरणीच्या गोदामात मी काम करत असताना तिथले हमाल खुर्च्या मांडून बघत बसले. "हत्ती आला" म्हणून लोक पुढे व्हायचे. कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडले. पण दर वेळी कुणी जवळ यायचे आणि माझ्या तोंडाकडे बोट करून विचारायचे, "यातून येतो होय रंग?" आणि मी आतून थिजून जायचो.

कदिरवेल आणि नाचिमुत्तू, दोघेही बसच्या कारखान्यात हवेच्या गनवर वाढलेले. ती गन साधी. तिचे तोंड अंगठ्याने पुसायचे, तळहातावर फुर्र करून धार बघायची, असे तिथे सगळेच करतात आणि कुणाला काही होत नाही. पहिल्याच दिवशी कदिरवेलने माझे तोंड अंगठ्याने पुसायला हात नेला. दुकानातून आलेल्या माणसाने त्याच्या मनगटावर फाडकन मारले.

"अहो मेस्त्री, ही तुमची बसवाली गन नाही."

"बरं बरं," कदिरवेल म्हणाला. तो माणूस गेल्यावर दाजींना म्हणाला, "दुकानदार घाबरवतात. दुरुस्तीला आणा म्हणून."

तिसऱ्या वर्षी एका जाळीच्या कोपऱ्यात माझे कान आडवे येत होते. त्याने करवतीच्या पात्याने ते कापून टाकले. मला दुखले नाही. मला कातडीच नाही, दुखणार कुठून? पण त्या दिवसापासून माझे तोंड उघडे पडले.

एकटी पूवात्ताळ मला नीट हाताळायची. बटण बंद. वायर काढ. कुशीची चावी फिरव म्हणजे पोटातला रंग बादलीत परत जातो. गनचे तोंड बादलीच्या आत धरून घोडा दाब म्हणजे पाइपातला उरला जोरही निघून जातो. मग घोड्याची खिट्टी लाव. चार वर्षांत तिचा हा क्रम एकदाही चुकला नाही. तिला माझी भीती होती म्हणून नाही. एकदा क्रम चुकवला आणि तिची नवी साडी रंगाने माखली, म्हणून.

एका साडीने चार वर्षे सांभाळली. आता त्या दिवसाचे सांगतो. मध्ये थांबलो तर रागावू नका.

सव्वाबारा

आयुधपूजेचा गुरुवार होता. त्या दिवशी हत्यारांना धुऊन पुसून चंदन-कुंकू लावतात, माळ घालतात आणि दिवसभर काम सांगत नाहीत. पण एका गोदामवाल्याला पूजेआधी त्याची लोखंडी शटरे निळी करून हवी होती. "सकाळी दोन तास, मग हत्तीला सुट्टी," असे म्हणून कदिरवेल दाजींना घेऊन गेला. पूवात्ताळ घरी नैवेद्याचे चणे शिजवत राहिली.

शेवटचे शटर अर्धे झाले होते. तेवढ्यात वीज गेली.

माझी मोटर थांबली. पंखे थांबले. गोदाम शांत झाले.

"मेला हत्ती," कदिरवेल म्हणाला. "चला. दीडला राहुकाळ लागतो, त्याच्या आत पूजा उरकायला पाहिजे."

त्याने वायर काढली, पाइप गुंडाळला, गन वर टाकली आणि मला तीनचाकी टेम्पोत चढवले. चावी फिरवली नाही. बादलीत घोडा दाबला नाही. खिट्टी लावली नाही.

मोटर थांबली होती, मित्रांनो. मी थांबलो नव्हतो. माझ्या आतल्या झडपा जोर धरून ठेवतात. त्यासाठीच त्या केलेल्या असतात. रंग जाणार कुठे? पन्नास फूट पाइपात तेलाचा निळा रंग फुगून, दातओठ खाऊन उभा होता.

तीन हजार.

पाऊण

घरी पूवात्ताळने घासलेटाच्या फडक्याने माझे अंग पुसायला घेतले. चार वर्षांचे रंगाचे थर निघाले. कुशीवरचे चित्र वर आले. हात. बोट. रेघ.

"हे कसलं रे चित्र?" तिने विचारले.

"तीर्थ घेतायत," नाचिमुत्तू म्हणाला.

"चेष्टा नको. कदिर, याचा दाब उतरवलास ना?"

"अगं अक्का, वीजच नाही. ही बघ वायर, माझ्या हातात आहे. आता काय माझ्या अंगातून चालणार तो?"

तिने पाइपावर हात ठेवला. पाइप ताठ होता. तिचा हात एक क्षण तिथे थांबला. मी सगळ्या ताकदीनिशी इच्छा केली की तो हात तिथेच राहावा.

"अक्का, एक वाजायला आला. चंदन उगाळलंस का?"

हात उचलला गेला.

तीन हजार.

सव्वाला पाच कमी

केळीच्या पानांवर सगळी हत्यारे मांडली. शिडी, खरवडण्या, रोलर, नाचिमुत्तूचे सतरा कुंचले. मधोमध मी. उंबऱ्यापाशी कदिरवेलने दृष्ट लागू नये म्हणून कुंकू भरलेला कोहळा फोडला आणि फरशी लालच लाल झाली. घरात नाचिमुत्तू वयाने मोठा, म्हणून टिळे त्याने लावायचे. आधी चंदन, त्यावर कुंकू. तर्जनीने.

शिडीला लावले. कुंचल्यांना लावले, एकेकाला, सावकाश. माझ्या मोटरीला लावले. बादलीला लावले.

"तोंडाला लावा, दाजी. तोंडानेच खातो तो."

कदिरवेलने माझी गन उचलून उभी धरली, लहान मुलाला टिळ्यासाठी धरतात तशी. आणि गन हातात आली की त्याचे बोट जिथे जाते तिथेच गेले. घोड्यावर.

इथे मला सांगायचे आहे की मी काय बोललो असतो. मला तोंड आहे, पण ते रंगाचे आहे. त्या क्षणी मी बोललो असतो, दाजी थांबा बोट मागे घ्या कदिर बोट काढ घोड्यावरून वीज नाही म्हणून मी नाही असं नाही मी आहे मी पूर्ण भरलेला आहे अक्का पाइप बघ पाइप ताठ आहे तू हात लावला होतास तुला कळलं होतं दाजी ते बोट नको दुसरं कुठलंही

बोट आले. गार होते, चंदनाने ओले. माझ्या भोकावर नीट, प्रेमाने टेकले.

"अक्का, कापूर आण ना," म्हणून कदिरवेल मागे वळला. वळताना हाताची मूठ आवळते. एवढेच.

फुस्.

त्यानंतर काहीच झाले नाही

खरेच, काहीच नाही. हेच सगळ्यात भयंकर होते.

"चावला रे तुझा हत्ती," नाचिमुत्तू बोट झटकत म्हणाला.

"वारा निघाला असेल. बघू?"

बोटाच्या टोकावर कुंकू होते. त्यात एक टिंब होते, सुईने टोचल्याएवढे. रक्त आले असले तरी कुंकवात दिसले नाही. नाचिमुत्तूने धोतराला बोट पुसले आणि त्यावर चिमूटभर हळद दाबली.

"दुखतंय?"

"छे. मुंगी चावल्यासारखं झालं."

आरती झाली. चुरमुरे, भाजके चणे, गूळ वाटला. शेजारची दोन घरे येऊन गेली. नाचिमुत्तू डाव्या हाताने खात होता. उजवा हात त्याने मांडीवर उलटा ठेवला होता आणि मधूनच त्याच्याकडे बघत होता, जणू तो हात काही सांगेल.

मी पानावर माळ घालून बसलो होतो. माझ्यातून काय गेले ते मला माहीत होते. किती गेले तेही. दोन-तीन चमचे नसेल, पण एका बोटात मावेल त्याहून जास्त. भिंतीचे आणि लोखंडाचे औषध. ते रक्तासाठी केलेले नाही. ते आता त्याच्या बोटातल्या नसांच्या कडेकडेने तळहाताकडे सरकत असणार, आणि बाहेर सगळे चुरमुरे खात होते.

एक पंचवीस. एक अठ्ठावीस. एक तीस. राहुकाळ लागला.

फडके

पूवात्ताळ फडके घेऊन उठली. तिची सवयच ती. माझ्यातून 'फुस्' आवाज आला की कुठे ना कुठे रंग सांडलेला असतो आणि तो वाळायच्या आत पुसायचा असतो. तिने माझ्या पुढ्यातले केळीचे पान पाहिले. स्वच्छ. माळेतली पांढरी शेवंती पाहिली. पांढरीच. फरशीवर कोहळ्याचे कुंकू पसरले होते. तिने ते पुसले, फडके उलटे करून पाहिले.

लाल.

तिने पानाच्या मागे पुसले. शिडीखाली पुसले. दोघांच्या धोतरांच्या पुढच्या बाजू पाहिल्या.

"काय शोधतेस?" कदिरवेल म्हणाला.

"निळा."

"कसला निळा?"

"मघाशी फुस् झालं. मी ऐकलं. मग निळा रंग कुठे गेला?"

तिने नवऱ्याचा हात उचलला आणि हळद पुसली. बोट पांढरे पडले होते, मेणबत्तीसारखे, आणि दुसऱ्या बोटांच्या दीडपट जाड. तिने टोक दाबले. टिंबातून बारीक निळा ठिपका वर आला.

"हे बोट मला जाणवत नाहीये," नाचिमुत्तू हळूच म्हणाला. "मघापासून. म्हटलं, बसेल."

"डॉक्टरकडे."

"अक्का, राहुकाळ चालू आहे. तीनला निघू. आणि आज कोण डॉक्टर दुकान उघडून बसलाय? टोचलंय नुसतं. वीज नव्हती अगं, वीज नसताना त्याच्यात जोर येणार कुठून?"

तिने बादली ओढली, माझी गन उचलली, तोंड बादलीच्या आत धरले आणि घोडा दाबला.

मघाचा सगळा जोर उरला नव्हता, पण होता तो पुरेसा होता. पत्र्याच्या बादलीवर निळी धार आदळली आणि सगळी खोली त्या आवाजाने भरली. वायर भिंतीपासून चार हात लांब, जमिनीवर पडली होती. कदिरवेल वायरकडे बघत राहिला. मग बादलीकडे. मग खाली बसला.

"दाजी," तो म्हणाला.

पूवात्ताळने चावी फिरवली. पुन्हा घोडा दाबला. आता नुसते थेंब. खिट्टी लावली. माझ्या पोटातला जोर गेला आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा थोडे हलके वाटले. ते फार वेळ टिकले नाही.

"राहुकाळ मी माझ्या डोक्यावर घेते," ती म्हणाली. "टेम्पो काढ. आणि ह्याला पण घे."

"हत्तीला? कशाला?"

"डॉक्टर विचारतील, कुणी चावलं. दाखवते."

टेबलावर

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. सुट्टीच्या दिवशी एकटीच. तिने बोट पाहिले, टिंब पाहिले.

"खिळा टोचला का?"

"नाही, ताई. रंगाच्या मशीनने."

"खरचटलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन देते, गोळ्या देते, उद्या सूज उतरेल."

ती सिरिंज शोधायला वळली. माझ्या मनात आले, संपले. आता हे तिघे घरी जातील. उद्यापर्यंत तो रंग मनगटाशी पोहोचेल.

पूवात्ताळने मला उचलले. शेवंतीची माळ, कपाळावर टिळा, पाय निळे, अशा मला तिने डॉक्टरच्या कागदांवर धाडकन ठेवले.

"हे काय करताय, अम्मा?"

"मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा." तिने माझ्या कुशीवर बोट ठेवले. "हा हात आहे. ही रेघ आत चाललीय. खाली काय लिहिलंय?"

डॉक्टरीण वाकली. तिने ओठ हलवत चार ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. तिच्या हातातली सिरिंज तिने खाली ठेवली. चेहरा बदललेला मी पाहिला. इतकी वर्षे मी एकटा घाबरत होतो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या भीतीला जोडीदार मिळाला.

"किती वाजता झालं?"

"एक दहाला."

"रंग कसला? पाण्याचा की तेलाचा?"

"तेलाचा," कदिरवेल म्हणाला. "चकाकीवाला."

"हात वर धरा, काका. काही खाऊ नका, पिऊ नका. हे खरचटलेलं नाही. आत सगळीकडे पसरलं असेल. बोट उभं चिरून धुवावं लागेल, तेही आत्ता. जेवढा उशीर तेवढं वरून कापावं लागतं." ती फोन लावत होती. "तिरुचीला हाताचे सर्जन आहेत. गाडी मी बोलावते. रंगाचा डबा आणलाय का? डबा बरोबर न्या, त्यांना आत काय आहे ते कळायला हवं."

नाचिमुत्तू इतकेच म्हणाला, "ताई, उजवा आहे. कुंचल्याचा."

डॉक्टरीण फोनवर होती.

गाडी आली. डबा गेला, तिघे गेले. मी बाकाखाली राहिलो.

त्या बाकाखालचे दिवस मला मोजता आले नाहीत; ते तीनच होते, हे नंतर कळले. माझी माळ सुकत गेली. येणारे-जाणारे पेशंट टिळा बघून मला नमस्कार करायचे, कुणी एकाने पुढ्यात एक रुपयाही ठेवला. मला त्यांना ओरडून सांगायचे होते, की नमस्कार नका करू. बोट राहिले का ते कुणी तरी सांगा.

बातमी

बोट उभे चिरले. तळहाताच्या मध्यापर्यंत निळा पोहोचला होता. तो धुतला, पुन्हा उघडून पुन्हा धुतला. हात वाचला. तर्जनीचे वरचे पेर वाचले नाही. संध्याकाळ उलटल्यावर आले असते तर हाताचेच सांगता आले नसते, असे तिथल्या सर्जनने पूवात्ताळला सांगितले. तिने ते घरी येऊन कुणालाच सांगितले नाही. मला दवाखान्यातून घरी आणले, तेव्हा माझे अंग पुसताना मला सांगितले.

नंतर मी पाच महिने कोठीत होतो. पाइपात रंग वाळला, दट्ट्या चिकटला. कदिरवेल कोठीत यायचा तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. एके दिवशी त्याने भंगारवाल्याला बोलावले.

"ह्याला घेऊन जा," तो म्हणाला. "बघवत नाही मला."

"नवा दट्ट्या बसवून चालेल की हा," भंगारवाला मला हलवून म्हणाला. "गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. पळणी गावचं."

"ने. पैसे नको."

"थांब," नाचिमुत्तू दारातून म्हणाला. तो हात खिशात ठेवून फिरायचा तेव्हा. "तुला बघवत नाही म्हणून तू ह्याला पळणीला पाठवणार. पळणीच्या माणसाला कोण सांगणार?"

"काय सांगायचं?"

"तेच. जे आपल्याला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं, दाजी," कदिरवेल म्हणाला. "दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं. हातावर मारून सांगितलं होतं."

नाचिमुत्तू दारातून आत आला. मग म्हणाला, "माझे कुंचले आण."

सतरा कुंचल्यांपैकी त्याने मधला घेतला. टेकवायला तर्जनीचे टोक नव्हते. त्याने कुंचला अंगठा आणि मधल्या बोटात धरला. पहिले अक्षर घसरले. त्याने पुसून पुन्हा काढले. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. ज्या माणसाने पट्टीशिवाय सव्वीस वर्षे रेघा ओढल्या, त्याने माझ्या झाकणावर एक ओळ लिहायला दुपार घालवली. कदिरवेल पूर्ण वेळ रंगाची वाटी धरून उभा होता. एकही विनोद झाला नाही.

ओळ झाली तेव्हा त्याने ती बायकोला वाचून दाखवली:

"वीज गेली तरी मी जागा आहे. तोंडाला बोट लावू नका."

'मी' म्हणजे मी, मित्रांनो. इतकी वर्षे मला जे बोलता येत नव्हते ते त्याने माझ्या तोंडी लिहिले.

शेवटच्या अक्षराचा पाय घसरून लांब खाली ओघळला होता. पूवात्ताळ सवयीने फडके घेऊन पुढे झाली.

"राहू दे," नाचिमुत्तू म्हणाला. "सरळ अक्षर माणूस न वाचता पुढे जातो. वाकडं दिसलं की थांबतो."

पळणीला मी गेलो नाही. माझ्या पोटात नवा दट्ट्या बसला आणि मी अजून करूरमध्येच काम करतो. माझ्या तोंडाला नवे पिवळे कान आहेत आणि ते कुणी कापत नाही. तरी रोज सकाळी कुणी मला उचलले की मी आत थरथरतो. माझी भीती गेलेली नाही. ती जाऊ नये, असेच मला वाटते. फक्त ती माझ्या एकट्याकडे राहू नये.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी आला, तर आधी त्याचे बटण बंद करा, वायर काढा, चावी फिरवा, गनचे तोंड बादलीत धरून घोडा दाबा, खिट्टी लावा. आणि एवढे करूनही कधी बोटावर एक टिंब दिसले, अगदी मुंगी चावल्यासारखे, आणि दुखत नसले, तर हळद शोधू नका. वेळ बघू नका. मला उचला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.